बिलोरी वाडग्याची खरी किंमत

अम्मी गेल्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही तिघा भावंडांनी तिचं काचेचं कपाट उघडलं. भाईजान, मी आणि आमची धाकटी बहीण. घर, जमीन, दागिने यांच्या वाटण्या शरियतच्या हिशेबाने आधीच ठरल्या होत्या, त्यात कुणाची तक्रार नव्हती. प्रश्न उभा राहिला तो वरच्या फळीवरच्या एका वाडग्याचा.

हा वाडगा आमच्या नानांनी आणलेला. नाना रत्नागिरीकडचे, विलायतेला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत असा एखादा खलाशी, टंडेल किंवा सारंग निघतो आणि त्याने परमुलखातून आणलेली एखादी वस्तूही निघते. आमच्याकडे तो वाडगा होता. चांगला जड, अंगभर चांदण्या आणि शंकरपाळ्यांची नक्षी. सकाळचं ऊन पडलं की भिंतीवर रंग सांडायचे. लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. घरातले लोक त्याला कधी ‘बेल्जियम’ म्हणत, तर कधी ‘वॉटरफर्ड’. ‘लाखाची चीज आहे,’ असं अम्मी पाहुण्यांना सांगायची.

त्याच फळीवर मागच्या बाजूला एक जग होता. नानीच्या वडिलांनी मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाचं काम केलं होतं. बंगल्यातलं सामान विकलं गेलं तेव्हा तो जग त्यांच्याकडे आला आणि पुढे नानीकडे. नानी त्यात कोकमाचं आगळ भरून ठेवायची. आता तो आतून धुरकट झाला होता आणि ओठाचा टवका उडाला होता. तो कुणालाच नको होता.

बहिणीच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती. भाईजानांच्या ओळखीचे एक गृहस्थ समुद्राकाठी हॉटेल सजवत होते. ते म्हणाले, ‘वॉटरफर्ड असेल तर वाडग्याचे चाळीस हजार देतो.’ भाईजान म्हणाले, ‘देऊन टाकू. मुलीची फी निघेल.’ मलाही ते पटलं. मी फक्त एवढंच म्हटलं, ‘भाईजान, एकदा खात्री करून घेऊ.’ वीस वर्षं मास्तरकी केली की ही खोड लागतेच.

चाचांचा पहिला धडा

वाडगा आणि जग टॉवेलात गुंडाळून मी मुंबईला चोर बाजारात गेलो. मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. तिथल्या एका वयस्कर चाचांनी वाडगा हातात घेतला, डोळे मिटले आणि नक्षीवरून अंगठा फिरवला. मग जगावरून फिरवला. मला म्हणाले, ‘मास्टरसाब, आता तुम्ही करा. डोळे मिटून.’

मी केलं. वाडग्याच्या चांदण्यांच्या कडा गोलसर लागल्या, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या. जगावरची नक्षी साधी होती, उभे रुंद पैलू आणि तळाला एक चांदणी. पण तिच्या कडा बोटाला टोचत होत्या.

चाचा म्हणाले, ‘जग कापलेला आहे. वाडगा दाबलेला आहे.’

या दोन शब्दांत काचेचा मोठा इतिहास आहे. तो समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले.

‘बिलोरी’ शब्दाचा प्रवास

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माझी सुरुवात शब्दापासून होते. मराठीत आपण बिलोरी आरसा म्हणतो, बिलोरी भिंग म्हणतो. हा शब्द फार्सी-अरबीतल्या ‘बिल्लूर’वरून आला. बिल्लूर म्हणजे स्फटिक. त्याचा माग आणखी मागे काढला, की ग्रीक ‘बेरिल्लोस’ आणि आपल्याकडचा प्राकृत ‘वेरुलिय’, म्हणजे संस्कृतातला ‘वैडूर्य’, यांच्यापर्यंत पोहोचता येतं. म्हणजे रत्नाचं नाव इथून बाहेर गेलं आणि काचेचं विशेषण होऊन परत आलं.

रत्न आणि काच यांचं नातं फक्त शब्दापुरतं नाही. काचेला पैलू पाडायची रीत मुळात रत्नाला पैलू पाडणाऱ्यांची आहे. फिरतं चाक, त्यावर वाळू किंवा कुरुंदाची पूड आणि पाणी. काच त्या चाकावर धरायची आणि हवी तेवढी झिजवायची. रोमन कारागीर हे करत. इस्लामच्या आधी इराणचे सासानी कारागीरही करत. जपानमधल्या नारा शहरातल्या शोसोइन या शाही भांडारात सासानी पद्धतीचा, अंगभर गोल पैलू पाडलेला एक काचेचा वाडगा बाराशेहून अधिक वर्षं जपलेला आहे.

नवव्या ते अकराव्या शतकात इराण, इराक आणि मिस्र इथे ही कला फार उंचीला गेली. निशापूरच्या उत्खननात कापलेल्या काचेची भांडी निघाली. फातिमी खलिफांच्या काळात कैरोत अखंड स्फटिकातून सुरया कोरल्या गेल्या. त्यांतली एक, खलिफा अल-अझीझचं नाव असलेली, आज व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या खजिन्यात आहे. कुराणात सूरह नूरमध्ये काचेतल्या दिव्याची उपमा येते. सूरह नम्लमध्ये सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या महालातल्या काचेच्या फरशीला सबाची राणी पाणी समजते. त्या समाजाला काचेचं अप्रूप किती होतं, हे त्यावरून कळतं.

हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की कट ग्लास तर ‘आपलं’! पण थोडं आणखी वाचलं आणि तो मोह सोडून दिला. आपल्या आधी सासानी होते, त्यांच्या काळात रोमन होते. आणि युरोपातली कट ग्लास थेट बगदादहून आली, अशी सरळ रेघही ओढता येत नाही. प्रागमध्ये सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या दरबारात कास्पर लेहमान नावाचा रत्नकोरक होता. त्याने चाकाचं काम काचेवर केलं आणि १६०९ मध्ये त्याला या कामाचा खास परवाना मिळाला. तिथून बोहेमियाच्या काचेचं नाव झालं. प्रत्येक वेळी रत्न कोरणारा हातच काचेकडे वळला. त्या हाताला कुठल्याही एका कौमची चिठ्ठी चिकटवता येत नाही.

शिसं आणि जकात

जेवणाच्या टेबलावरची जी जड, चमकदार कट ग्लास आपण ओळखतो, तिचा जन्म मात्र इंग्लंडमधला. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं. त्याची सुरुवातीची काच काही दिवसांत आतून बारीक तडे जाऊन खराब व्हायची. त्याने मिश्रणात शिशाचं प्रमाण वाढवलं आणि काच टिकू लागली. शिशाची काच जड असते, तुलनेने मऊ असते म्हणून चाकावर छान कापली जाते, आणि प्रकाश जास्त वाकवते. भिंतीवर सांडणारे रंग त्या शिशाचे.

पुढे राजकारण आलं. १७४५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने काचेवर वजनाप्रमाणे कर बसवला. जेवढं शिसं जास्त, तेवढा कर जास्त. आयर्लंडला हा कर नव्हता, पण तिथल्या काचेच्या निर्यातीवर बंदी होती. १७८० मध्ये ती बंदी उठली आणि इंग्लिश भांडवल, इंग्लिश कारागीर आयर्लंडकडे वळले. वॉटरफर्ड गावात पेनरोज कुटुंबाने १७८३ मध्ये कारखाना काढला. म्हणजे ‘आयरिश कट ग्लास’ म्हणून जगाला माहीत असलेली चीज इंग्लिश करामुळे जन्मली. १८२५ मध्ये कर आयर्लंडलाही लागला. १८४५ मध्ये तो सगळीकडूनच उठला, पण तोवर उशीर झाला होता. जुना वॉटरफर्ड कारखाना १८५१ मध्ये बंद पडला.

त्याच साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात बर्मिंगहॅमच्या ओस्लर कंपनीने सत्तावीस फूट उंचीचं काचेचं कारंजं उभं केलं होतं. हीच ओस्लर कंपनी कलकत्त्यात दुकान मांडून आपल्या राजेरजवाड्यांना माल विकत होती. उदयपूरचे महाराणा सज्जनसिंह यांनी ओस्लरकडे जेवणाची भांडी, खुर्च्या, टेबलं, इतकंच काय पलंगही काचेचा मागवला. १८८४ मध्ये महाराणांचं निधन झालं आणि माल कित्येक वर्षं पेट्यांतच राहिला. आज तो उदयपूरच्या राजवाड्यात मांडलेला आहे. कट ग्लास डोळ्यांना सवयीची करायची असेल तर तिथे किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जरूर जा.

आणि ‘वॉटरफर्ड’? त्या गावात काचेचं काम पुन्हा सुरू झालं ते थेट १९४७ नंतर. त्यामुळे तळाला तेजाबाने उमटवलेला ‘वॉटरफर्ड’ शिक्का असेल तर ती वस्तू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. जुन्या वॉटरफर्डच्या फार थोड्या वस्तूंवर नाव असतं, आणि तेही साच्यात उमटलेलं. त्या काचेला निळी झाक असते, ही दंतकथा आहे.

वाडग्याने काय सांगितलं

आता आमच्या वाडग्याकडे येऊ. घरी येऊन मी भिंग घेऊन बसलो. तुमच्याही कपाटात असं भांडं असेल तर या क्रमाने पाहा.

आधी साच्याच्या सांध्याची रेघ शोधा. नक्षीत लपलेल्या तीन-चार उभ्या रेघा दिसल्या, तर काच साच्यातली आहे. आमच्या वाडग्यावर त्या होत्या. मग कडा पाहा. कापलेली कड धारदार असते, साच्यातली गोलसर. मग नक्षीची बरोबरी पाहा. हाताने कापलेल्या नक्षीत एखादी रेघ किंचित पुढे जाते, एखादी चांदणी धाकटी राहते. साच्यात नक्षी ठरीव येते. आतून बोट फिरवा. आतल्या बाजूला बाहेरच्या नक्षीचे उंचवटे लागले तर काच साच्यात फुंकलेली असू शकते.

टिचकी मारून नाद ऐकायची पद्धत सगळे सांगतात. शिशाच्या पातळ पेल्याचा नाद लांबतो हे खरं, पण जाड वाडगा किंवा अरुंद तोंडाची सुरई अस्सल असूनही बद्द वाजते. त्यापेक्षा तळ पाहा. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याच्या तळाला, जिथे ते टेकतं तिथेच, वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांची पट्टी असते. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर कुणीतरी पॉलिशपेपर घासलाय असं समजा.

वाडग्याच्या तळाशी भिंगातून मला इंग्रजीतली ‘आर.डी.’ अशी दोन अक्षरं आणि पुढे आकडे दिसले. ब्रिटनमध्ये १८८४ पासून नमुन्यांची नोंद अशा क्रमांकांनी व्हायची. वर्षवार क्रमांकांचे तक्ते मिळतात. आमचा क्रमांक १८९०च्या दशकातला निघाला. इथे एक सावधगिरी हवी. तो क्रमांक नमुन्याच्या नोंदीचा असतो, त्या भांड्याच्या जन्माचा नाही. एकच नमुना पुढे कित्येक वर्षं बनवला जाई.

वितळलेली काच लोखंडी साच्यात दट्ट्याने दाबायची युक्ती १८२०च्या दशकात अमेरिकेत रुळली आणि लवकरच इंग्लंडमध्ये आली. कापायला जे भांडं कारागिराला दिवस-दिवस लागे, त्याची नक्कल काही मिनिटांत निघू लागली. श्रीमंताच्या टेबलावरचं रूप गिरणी कामगाराच्या टेबलावर आलं. ही गरिबांची कट ग्लास.

हे कळल्यावर मी बराच वेळ वाडगा समोर ठेवून बसलो. हिंदुस्थानी खलाशाला गोऱ्या खलाशापेक्षा खूपच कमी पगार मिळायचा. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणायचे, आपल्या ‘लश्कर’ शब्दावरून. त्या पगारात नाना वॉटरफर्ड कुठून आणणार होते? त्यांनी लिव्हरपूलच्या कुठल्यातरी गल्लीतून, बहुधा जुन्या बाजारातून, आपल्याला परवडेल तो वाडगा घेतला आणि समुद्रावरून न फोडता घरी आणला. ‘वॉटरफर्ड’ म्हणताना आम्ही त्यांची ही कमाईच पुसून टाकत होतो.

जगाने काय सांगितलं

जग खरोखर चाकावर कापलेला होता. त्याच्या मुठीचं जाड टोक खालच्या बाजूला होतं. साधारण १८७०च्या आधी मूठ वर चिकटवून खाली ओढत, नंतर खाली चिकटवून वर नेऊ लागले. म्हणजे जग त्यानंतरचा. तळाच्या चांदणीची एक रेघ मध्यबिंदूच्या थोडी पुढे गेली होती. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कुणाचा तरी हात तिथे एक क्षण जास्त थांबला होता.

हा कारागीर काय करायचा? आधी नक्षी रंगाने आखायची. मग लोखंडी चाकावर वाळू आणि पाण्याची धार सोडून खोल खाचा पाडायच्या. मग दगडी चाकावर त्या गुळगुळीत करायच्या. शेवटी लाकडी चाकावर कथील आणि शिशाच्या पुडीने झळाळी आणायची. दिवसभर ती पूड नाकातोंडात आणि हाताला. अनेकांना शिशाची बाधा व्हायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झळाळीसाठी तेजाबात बुडवायची पद्धत आली, तीही काही कमी घातक नव्हती. या लोकांची नावं कुठेच नाहीत.

आपल्याकडेही भट्ट्या होत्या. लोकांनी एक-एक पैसा देऊन उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून कंदिलाच्या काचा बनू लागल्या. ती रोजच्या वापराची काच होती, म्हणून तिला कुणी कपाटात ठेवलं नाही.

किंमत आणि जपणूक

जग अस्सल, तर किंमत भरपूर का? नाही. चाचांनी त्याचे फार थोडे पैसे सांगितले. टवक्याने किंमत उतरते, तड्याने जवळजवळ संपते. टवका घासून काढलेला असेल तर भांड्याचा घाट बिघडतो. सुरईचं बूच बदललेलं असेल तरी किंमत पडते. चांगल्या सुरयांच्या बुचावर आणि मानेवर एकच क्रमांक कोरलेला असतो, तो जुळवून पाहा. आणि भाव बघताना लोक मागतात ती रक्कम बघू नका, लिलावात खरोखर विकली गेली ती बघा. दोन्हींत फार फरक असतो.

जगाचं खरं नुकसान आम्हीच केलं होतं. आंबट-खारट आगळ वर्षानुवर्षे आत राहिलं आणि काच आतून खाल्ली गेली. क्षारांचा पांढरा थर असेल तर पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतो. काचच झिजली असेल तर धुरकटपणा घरी जात नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट आरोग्याची. शिशाच्या काचेत आंबट पदार्थ साठवला तर शिसं त्यात उतरतं. लोणचं, आगळ, लिंबाचं सरबत, व्हिनेगर यात कधीही साठवू नका. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर अशा भांड्यातून काही देऊच नका.

धुताना प्लॅस्टिकच्या टबात खाली टॉवेल अंथरा. कोमट पाणी, सौम्य साबण, एका वेळी एकच भांडं. खाचांसाठी मऊ ब्रश. घासणी, राख, भांडी धुण्याचं यंत्र नको. उकळता चहा किंवा फ्रीजमधलं बर्फाळ पाणी ओतू नका, काच तडकते. उचलताना मुठीला किंवा काठाला नाही, तळाला आधार द्या. पुसून पूर्ण वाळवा, सरळ उभं ठेवा, पालथं नको, एकात एक घालू नका. बूच काढून ठेवा, आत ओल कोंडत नाही.

सौदा

राहिला प्रश्न त्या चाळीस हजारांचा. भाईजान म्हणाले, ‘तू काही बोलू नकोस. घेणारा डोळे उघडे ठेवून घेतोय.’ मी म्हटलं, ‘भाईजान, तो आपल्या शब्दावर घेतोय.’ विकताना मालातला दोष लपवू नये, हे आम्ही दोघंही मदरशात एकाच चटईवर बसून शिकलो होतो. मी त्या गृहस्थांना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी आभार मानले आणि सौदा मोडला. भाईजान माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. त्यांचा राग मला समजत होता, कारण फीची तारीख खरी होती आणि माझी खात्री करून घ्यायची हौस बहिणीला महागात पडली होती.

पुढे फी आम्ही दोघा भावांनी मिळून भरली. मी सोसायटीतून कर्ज काढलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. वाडगा बहिणीने आपल्या हिश्श्यात मागून घेतला. रमजानमध्ये ती त्यात इफ्तारीची फळं वाढते आणि मुलंही त्याला हात लावतात. जग माझ्याकडे आहे, कोरडा, उघडा, खिडकीजवळ.

परवा भाईजान आले होते. चहा घेता घेता त्यांनी तो जग उचलला, तळाला हाताचा आधार देऊन, आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. ‘ही एक रेघ जरा पुढे गेलीय,’ ते म्हणाले.